कॉस्प्लेचे केस आणि चेहरा : सोलापुरात पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कॉस्प्ले म्हणजे कॉमिक्स-सिनेमातल्या आवडत्या पात्राचं हुबेहूब सोंग घेऊन मेळाव्याला जाणं. ते करायचं ठरलं की सगळा जीव कपड्यांत अडकतो. शिंप्याकडे फेऱ्या, फोमशीट कापून केलेलं चिलखत, नवी पेठेत रंगाला रंग जुळवत फिरणं. केस आणि चेहरा आदल्या रात्रीवर ढकलले जातात. मग कपडे हुबेहूब आणि वर मात्र रोजचंच डोकं. लोक ‘ड्रेस भारी आहे’ म्हणतात, पण पात्राचं नाव कुणी घेत नाही. लांबून पाहणाऱ्याला आधी केसांचा आकार दिसतो, मग भुवया, मग डोळे. कपड्यांची शिवण बघायला माणूस जवळ येईपर्यंत ओळख पटलेली असते, नाहीतर हुकलेली असते. म्हणून वेळ आणि पैसे मोजकेच असतील तर ते या तिघांवर आधी घाला.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. लग्नाचा मेकअप छान करणारी पार्लरवाली ताई तुम्हाला सुंदर करण्यात पटाईत असते, आणि इथं नेमकं तेच नको असतं. तिला तुम्ही डोळ्यांखाली पांढरी पेन्सिल ओढायला सांगितली तर ती ‘अगं, असं येड्यासारखं काय करलालीस?’ म्हणणारच. हा मेकअप नाटकाच्या रंगभूषेला जवळचा आहे. सोलापुरात हौशी नाटकवाले काही कमी नाहीत. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग असला की मागे रंगभूषा करणारी माणसं असतात. त्यांच्याकडे पॅनकेक म्हणजे चेहऱ्याला लावायचा घट्ट रंग, क्रेपची खोटी दाढी, ती चिकटवायचा स्पिरिट गम हे सगळं असतं आणि ते वापरायची अक्कलही. ओळख काढून एखादी संध्याकाळ त्यांच्याजवळ बसून बघितलंत तर ढीगभर व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल. विगला ते टोप म्हणतात, एवढं लक्षात ठेवून जा.

पात्राचे फोटो आधी, खरेदी नंतर

पात्राची तीन चित्रं मोबाइलमध्ये ठेवा: समोरून, बाजूने आणि मागून. मागची बाजू सगळे विसरतात आणि कार्यक्रमात निम्मे फोटो मागूनच निघतात. चित्र डोळे बारीक करून बघा. तपशील पुसट झाल्यावर जे उरतं ते तुमचं काम: एका डोळ्यावर आलेली बट, कपाळावरची टोकं, गालावरचा व्रण, खाली झुकलेल्या भुवया. ही यादी चार-पाच गोष्टींवर जात नाही.

पहिल्यांदा करताना असं पात्र निवडा की ज्याच्या कपाळावर केस आहेत. कपाळ झाकलेलं असलं की विगची पुढची कड दिसत नाही आणि निम्मी डोकेदुखी संपते. केस मागे ओढलेल्या पात्राला पुढे बारीक जाळी असलेला लेस फ्रंट विग लागतो. तो महाग, शिवाय कपाळाला चिकटवावा लागतो. ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला करा.

विग की स्वतःचे केस?

पात्राचे केस काळे आणि लांब असतील तर विगची गरजच नाही. आपल्याकडे गंगावन मिळतं. उंच पोनीटेल किंवा जाड वेणीच्या पात्राला ते आपल्या केसांत गुंफलं की काम झालं. रंगीत एखादी बट हवी असेल तर धुतल्यावर निघणारा हेअर स्प्रे किंवा रंगीत वॅक्स पुरे. काळ्याभोर केसांवर फिके रंग उठत नाहीत. लाल, जांभळा, चंदेरी हे बरे दिसतात.

एका दिवसासाठी घरी ब्लीच करू नका. मेंदी लावणाऱ्यांनी तर अजिबात नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर ब्लीच पडलं की केस तापतात आणि तुटतात. हेअर डाय लावायचाच असेल तर ४८ तास आधी कानामागे थोडा लावून बघा. त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची काहींना जबर अॅलर्जी असते.

बाकी सगळ्यांसाठी विग. ऑनलाइन मागवताना फोटोतल्या रंगापेक्षा दोन गोष्टी नीट वाचा. एक, धागा उष्णता सहन करणारा आहे का आणि किती अंशांपर्यंत. दुसरी, डोक्याचा घेर. शिंप्याची टेप कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून कानांच्या वरून, मानेच्या खळग्यावरून पुन्हा कपाळापर्यंत फिरवा. मोठ्यांचे बहुतेक विग साधारण ५५ ते ५८ सेंटिमीटरच्या डोक्याला बसतात, आणि आत पट्ट्या-हूक असतात त्यांनी थोडं कमी-जास्त होतं. पण तुमचे केस कमरेपर्यंत आणि दाट असतील तर ते आत बसवायला जागा लागते, तेव्हा मोठा घेर घ्या. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी मागवा. रंग चुकला, परत पाठवला, नवा आला, एवढ्याला वेळ हवा.

विग हातात आला की

पाकिटातून निघालेला विग खेळण्यातल्या बाहुलीसारखा चमकतो. घाबरू नका. बादलीभर थंड पाण्यात कपड्यांना घालायचं फॅब्रिक कंडिशनर झाकणभर टाका, विग अर्धा तास बुडवून ठेवा, मग खंगाळा आणि टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. पिळू नका, चोळू नका. सोलापुरात टॉवेलची काय कमतरता! जाडसर टर्किश टॉवेल घ्या, पाणी चटकन शोषतो. सावलीत, पंख्याखाली वाळवा. तरी चमक उरलीच तर बेबी पावडर ब्रशने आतल्या थरांत अगदी थोडी मारून झटका. काळ्या विगवर मात्र पावडर नको, पिकलेले केस दिसतात.

ठेवायला डोक्याच्या आकाराचा थर्माकोलचा साचा घ्या. साचा सहसा माणसाच्या डोक्यापेक्षा बारीक असतो, म्हणून त्यावर कापडाच्या पट्ट्या गुंडाळून तुमच्या घेराएवढा करा, नाहीतर साच्यावर बसवलेला आकार डोक्यावर वेगळाच दिसेल. विग टाचण्यांनी पक्का करा.

विंचरताना मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि टोकांपासून वर चढा. मुळापासून ओढला की गुंता आणखी आवळतो. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर फॅब्रिक कंडिशनर भरून ठेवा. लांब विगला मानेजवळ दर तासाला गुंता होतो, तेव्हा ही बाटली सोबत लागतेच.

कापणं

कात्री चालवायची ती विग डोक्यावर घालून, आरशासमोर. साच्यावर कापलेली झुलपं डोक्यावर चढली की वर सरकतात. आधी हवं त्यापेक्षा बोटभर लांब ठेवा. कात्री आडवी धरून सरळ रेषेत कापू नका, तसं केल्यास झाडूच्या टोकासारखं दिसतं. कात्री उभी धरा आणि टोकं थोडी थोडी टोचल्यासारखी कापत जा. हे केस परत वाढणार नाहीत, तेव्हा कापलेली एखादी जाड बट जपून ठेवा. पुढे टक्कल दिसणाऱ्या जागी आतून शिवायला कामी येते.

टोकं उभी करणं

अॅनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या, टोकदार केसांचं सगळ्यांना कौतुक, आणि अडतं तेही इथंच. इथं घाई करू नका.

सिंथेटिक धागा म्हणजे प्लॅस्टिकच. तो तापला की मऊ होतो आणि गार होताना ज्या आकारात धरला असेल तोच आकार घेतो. म्हणजे आकार बसतो तो तापवताना नव्हे, गार होताना. बहुतेक जण ड्रायर बंद करताच हात सोडतात, मग टोक पडतं आणि दोष स्प्रेला मिळतो.

एक बट घ्या, बोटाएवढी जाड. मुळाशी, आतल्या बाजूने, बारीक कंगव्याने उलटी विंचरा म्हणजे आत गादी तयार होईल. बट वर धरून मुळाजवळ कडक पकडीचा हेअर स्प्रे मारा. ड्रायर हातभर अंतरावरून अर्धा मिनिट फिरवा. मग ड्रायर बंद करा किंवा त्याचं गार हवेचं बटण दाबा, आणि बट पूर्ण गार होईपर्यंत हात हलवू नका. टोकाला थोडा स्प्रे बोटांवर घेऊन पीळ द्या. मग पुढची बट. मागून सुरू करून पुढे या. पुढच्या बटा येईपर्यंत हात बसलेला असतो.

स्प्रे मारताना खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस, उदबत्ती, निरांजन काही पेटलेलं नको. हेअर स्प्रे पेट घेतो. लगेच गरम स्ट्रेटनरही लावू नका, आधी वाळू द्या.

स्ट्रेटनर वापरायचा तर पाकिटावर लिहिलेल्या अंशांच्या खालीच राहा. काही लिहिलं नसेल तर मानेजवळच्या आतल्या बटेवर सगळ्यात कमी तापमानाने करून बघा. धागा आकसला, चिकट झाला तर त्या विगला स्ट्रेटनर नकोच. अशा विगला कुरळं करायचं असेल तर रोलर गुंडाळून उकळून थोडं निवलेलं पाणी वरून ओता आणि पूर्ण वाळेपर्यंत रोलर काढू नका.

डोक्यावर पक्का बसवणं

आपल्या घरांत कार्यक्रमाच्या सकाळी डोक्याला तेल लावून द्यायला आई तयारच असते. त्या दिवशी तिला हात जोडा. तेलकट केसांवर विग टिकत नाही, घसरत मागे जातो. केस आदल्या दिवशी धुतलेले, कोरडे हवेत.

लांब केसांच्या दोन घट्ट, सपाट वेण्या घाला आणि डोक्याभोवती फिरवून आकड्यांनी बसवा. एकाच जागी अंबाडा केलात तर विगखाली टेंगूळ दिसतं. त्यावर विगची जाळीदार टोपी. टोपीच्या वरून, कपाळाभोवती, मखमली कापडाची दोन बोटं रुंद पट्टी बांधा, लव बाहेरच्या बाजूला. त्या लवेवर विग रुतून बसतो. मग कानांच्या वर आणि मानेजवळ आकडे, ते वेणीत अडकतील असे. आखूड केस असलेल्या मुलांना आकडे धरायला जागा नसते, त्यांच्यासाठी ही मखमली पट्टीच देव.

डोकं जोरात हलवून बघा, खाली वाका. टिकला तर ठीक. एक लक्षात घ्या, टोकदार विगवर हेल्मेट बसत नाही आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवायची नाही. विग खोक्यात घालून न्या, तिथं गेल्यावर घाला, नाहीतर रिक्षा करा.

चेहऱ्याची तयारी

थ्रेडिंग, फेशियल, वॅक्स हे दोन दिवस आधी उरका. त्याच दिवशी केलं तर सोललेल्या त्वचेवर मेकअप झोंबतो. नवं कोणतंही क्रीम किंवा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

चेहरा धुवा, मॉइश्चरायझर लावा, दहा मिनिटं थांबा, मग प्राइमर, म्हणजे मेकअप धरून ठेवणारं क्रीम. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, इथली हवा इतकी कोरडी असते की ओठांच्या आणि नाकाच्या कडेला फाउंडेशन पापुद्र्यासारखं निघतं. तेव्हा मॉइश्चरायझर दाट. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर असतो, तेव्हा हलकं जेल पुरे आणि बाकी सगळे थर निम्मे.

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स घालणार असाल तर त्या मेकअपच्या आधी. लेन्स नंबरच्या असोत की बिननंबरच्या, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्या मापानेच घ्या. मैत्रिणीची लेन्स घालायची नाही, घालून झोपायचं नाही. आणि नळाचं पाणी लेन्सला लागू द्यायचं नाही. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, पिंपात चार दिवस साठवलेलं असतं. त्यात लेन्स धुणं म्हणजे डोळ्याच्या संसर्गाला बोलावणं. हात साबणाने धुऊन कोरडे करा आणि फक्त लेन्सचं सोल्यूशन वापरा. भीती वाटत असेल तर लेन्स वगळा. लांबून डोळ्यांचा रंग कुणालाही दिसत नाही.

भुवया

निळ्या विगखाली काळ्या भुवया दिसल्या की सगळा डाव फसतो. पहिल्या खेपेला सोपं करा: जुन्या मस्काऱ्याचा ब्रश धुऊन घ्या, त्याने भुवयांवर कन्सीलर (डाग झाकायचं दाट क्रीम) उलट्या दिशेने फिरवा म्हणजे काळेपणा कमी होतो. त्यावर विगच्या रंगाची, पण एक छटा गडद, आयशॅडो. आकार पात्राचा ठेवा. तापट पात्राच्या भुवया नाकाकडे खाली उतरतात, भोळ्या पात्राच्या आतली टोकं वर असतात. चेहऱ्यावरचा स्वभाव निम्मा इथंच ठरतो.

भुवया पूर्ण लपवायच्या असतील तर पाण्याने निघणारी ग्लू स्टिक लागते. केसांच्या दिशेने दोन-तीन पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा, मग पावडर, मग नारिंगी करेक्टर (खालचा गडद रंग मारणारं क्रीम), मग फाउंडेशन. नारिंगी का, तर आपल्या काळ्या भुवयांवर नुसतं फाउंडेशन राखाडी दिसतं. हे घामात सुटतं, म्हणून उन्हाळ्यात टाळा.

बेस, सावल्या, डोळे

फाउंडेशन तुमच्याच रंगाचं घ्या. पात्र दुधासारखं गोरं रंगवलेलं आहे म्हणून चार छटा उजळ व्हायची काही गरज नाही. मानेपाशी रेघ दिसते आणि पात्राशी त्याचा संबंधही नसतो. तसंच कुणाचा रंग सावळा आहे म्हणून काळं फासू नका, ते वाईट दिसतं आणि दुखावतंही. सोलापूरची पोरगी सोलापूरच्या रंगातच कोणतंही पात्र करू शकते, ओळख केस आणि डोळे पटवतात.

मुलगा मुलीचं पात्र करत असेल तर सकाळी गुळगुळीत दाढी, थोडा वेळ त्वचा निवू द्या, मग दाढीच्या निळसर जागी नारिंगी करेक्टरचा पातळ थर, वर फाउंडेशन. मुलगी मुलाचं पात्र करत असेल तर भुवया जाड, सरळ आणि खाली; जबड्याच्या कडेला आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी सावली; ओठांवर फाउंडेशनचा हात फिरवून त्यांचा रंग मारा.

डोळ्यांत आपली सवय आडवी येते: काजळ. खालच्या पापणीच्या आतल्या कडेला काजळ घातलं की डोळा लहान दिसतो, आणि अॅनिमेत डोळा मोठा हवा. तिथं पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची पेन्सिल फिरवा. खालची काळी रेघ खऱ्या पापणीच्या किंचित खाली ओढा, तीही बाहेरच्या तिसऱ्या भागातच. मधल्या जागेत पांढरं भरलं की ते डोळ्याचाच भाग वाटतं. वर वॉटरप्रूफ लायनर, बाहेरच्या कोपऱ्यात थोडं पुढे नेलेलं. खोट्या पापण्या अखंड न लावता तीन-चार तुकडे करून लावा. गोंद लावल्यावर अर्धा मिनिट थांबा, चिकट झाला की मगच टेकवा.

निळं-हिरवं अंग असलेली पात्रं नवख्यांनी सुरुवातीला घेऊ नयेत असं माझं मत आहे. घेतलीच तर चेहऱ्यासाठी बनवलेलेच रंग घ्या. नाटकवाले क्रायोलन कंपनीचे वापरतात, ते महाग वाटले तरी थोडे पुरतात. पोस्टर कलर, फॅब्रिक पेंट, रंगपंचमीचे उरलेले रंग चेहऱ्यावर नकोत. पाण्याचा रंग घामात ओघळतो. तेलकट रंग टिकतो, पण त्यावर पावडर नीट दाबली नाही तर सगळ्या कपड्यांना लागतो. कान, मान आणि हातांची मागची बाजू रंगवायला विसरू नका.

घामापुढे टिकवणं

जाड थर जास्त टिकतो हा समज चुकीचा. जाड थर आधी फुटतो. पातळ थर लावा, पफने पावडर दाबा, पुसू नका, मेकअप बसवणारा सेटिंग स्प्रे मारा, पंख्यासमोर वाळवा, पुन्हा किंचित पावडर. घाम आला की टिश्यूने टिपा आणि मगच पावडर. ओल्या घामावर पावडर टाकली की गोळे होतात.

आणि मोबाइलचा फ्लॅश टाकून अंधारात एक फोटो काढा. काही पावडरींमधलं सिलिका आणि सनस्क्रीनमधलं झिंक किंवा टायटॅनियम फ्लॅशमध्ये पांढरं उमटतं. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही.

आठवडाभर आधी पूर्ण सोंग चढवून घरात दोन तास वावरा. जेवा, जिना चढा, भावंडाला फोटो काढायला लावा. विग कुठे टोचतो, कोणती पापणी सुटते, हे तेव्हाच कळतं.

बाहेरगावी जाताना

पुण्याला कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सवाल्यांचा मोठा मेळावा, असेल तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर, आणि हैदराबादही आपल्याला रेल्वेने सोयीचं. मेकअप गाडीत बसून करू नका, आणि घरून करूनही निघू नका. भुवया, लेन्स, बेस सगळं तिथं पोचल्यावर करा. दीड-दोन तास हातात ठेवा, पहिल्यांदा करताना एवढे लागतातच. लांब विगची सैल वेणी घालून जाळीत ठेवा, टोकदार विग साच्यासकट पुठ्ठ्याच्या खोक्यात. पिशवीत टिश्यू, पावडर, पापण्यांचा गोंद, आकडे, फवाऱ्याची बाटली, लेन्सचं सोल्यूशन आणि डबी, आणि स्ट्रॉ. ओठ रंगवल्यावर पाणी प्यायचं लोक टाळतात आणि मग चक्कर येते.

इथंच फोटो काढायचे तर भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलावाचा परिसर छान आहे, सकाळी लवकर गेलात तर ऊनही सोसवतं. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. मोठा कॅमेरा, ट्रायपॉड नेणार असाल तर आधी विचारून घ्या. देवळाजवळ रक्ताचे ओघळ वगैरे असलेलं पात्र नेऊ नका, उगाच वाद होतात.

उतरवणं

आधी हात धुऊन लेन्स. मग पापण्या, गोंद ओला करून, ओढून नव्हे. स्पिरिट गम लावला असेल तर त्याचा रिमूव्हरच लागतो, तो गमसोबतच विकत घ्या. चेहऱ्यावर खोबरेल तेल किंवा क्लेन्झिंग बाम चोळून रंग सुटू द्या, मऊ कापडाने पुसा, मग फेसवॉश. वाटल्यास दोनदा. झोप कितीही आली तरी हे टाळू नका.

विग धुवायचा तो नळाला पाणी येतं त्या दिवशी. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने वाळल्यावर धाग्यांवर पांढरट थर बसतो आणि केस राठ होतात. थंड पाणी, थोडा शाम्पू, मग कंडिशनरचं पाणी, टॉवेलमध्ये दाबून साच्यावर वाळवणं. टोकदार विग मात्र दर वेळी धुऊ नका, सगळी टोकं जातील. आतली टोपी ओल्या कापडाने पुसून पंख्याखाली ठेवली की पुरे. आणि उन्हाळ्यात विग पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका, तापून टोकं लोळतात. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, खोक्यात घालून ठेवा.